गुराबा किती, गलबते किती?

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय आहे देशाचे आरमार आणि त्यात पुढे कोणकोणती जहाजे किती असावीत. राजहंसगडाच्या पायथ्याशी बसून समुद्राच्या गोष्टी कशाला, असे कुणालाही वाटेल. वाचनालयात संध्याकाळी बसणारे आम्ही चार-पाच जण वर्षभर या विषयावर मिळेल ते वाचत होतो, एकमेकांशी वाद घालत होतो. शेवटी जे सगळ्यांना पटले ते एकाने उभे राहून सांगावे असे ठरले. म्हणून बोलणारा एक असला तरी शब्द 'आम्ही' असाच येईल.

आधी समुद्र आपल्यापासून किती लांब आहे ते पाहू. खानापूर तालुक्यात देगावच्या जंगलात उगवणारी महादई घाट उतरून गोव्यात मांडवी होते आणि पणजीला समुद्रास मिळते. त्याच तालुक्यात हलशी आहे. हलशीचे भूवराह नृसिंहाचे मंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ही कदंबांची नगरी. याच घराण्याच्या गोव्यातील शाखेने बंदरे राखली, व्यापार वाढवला आणि स्वतःला पश्चिम समुद्राचे अधिपती म्हणवून घेतले. ज्या कारवारचे नाव आपण सीमालढ्याच्या घोषणेत बेळगावला जोडून घेतो, त्या कारवारजवळ भारतीय नौदलाचा मोठा तळ आहे. २००५ साली तो कार्यान्वित झाला आणि त्याला नाव दिले आयएनएस कदंब. त्या तळासाठी किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांनी आणि मच्छीमारांनी घरे-जमिनी सोडल्या. जमीन जाण्याचे दुःख काय असते हे आपल्या गावाला वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. आपल्या शेतात पडणारा पोटॅश सगळाच्या सगळा परदेशातून येतो. ट्रॅक्टरमधल्या डिझेलसाठी लागणारे कच्चे तेलही बहुतेक बाहेरून येते. वजनाने मोजला तर देशाचा सुमारे ९५ टक्के परदेश व्यापार समुद्रावरून चालतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. वळसा म्हणजे जास्त तेल, जास्त दिवस आणि जास्त भाडे. ते शेवटी खताच्या पोत्यावर चढते. तेव्हा समुद्र राखणारी जहाजे कोणती आणि किती, हा प्रश्न येळ्ळूरच्या शिवारापर्यंत पोचतो.

आता मुख्य विषयाकडे येऊ.

आपल्या शिवारात बासमती पिकते. तिला भाव चांगला. मग सगळ्यांनी सगळ्या रानात बासमतीच का लावू नये? पाणी कुठे किती आहे, जमीन कशी आहे, घरात खायला काय लागते, भातकापणीनंतर मसूर, वाटाणा घ्यायचा आहे का, हे सगळे बघून शेतकरी ठरवतो. आरमाराचेही तसेच आहे. नुसते 'अमुक शंभर जहाजे हवीत' म्हणून भागत नाही. मोठी किती, लहान किती, पाण्याखालची किती, तेल पुरवणारी किती, सुरुंग काढणारी किती, हे ठरवावे लागते. या जुळणीत चूक झाली तर ती पुढची तीस-चाळीस वर्षे भोगावी लागते, कारण जहाज एकदा बांधले की तेवढी वर्षे ते वापरावेच लागते. आयएनएस राजपूत ही विनाशिका १९८० साली दाखल झाली आणि २०२१ साली निवृत्त झाली. म्हणजे आज जे जहाज कागदावर आखले जाते, त्याच्यावर आज पाळण्यात असलेले मूल नोकरी करणार आहे.

हा हिशेब मराठी माणसाला नवा नाही. शिवछत्रपतींनी १६५७ च्या सुमारास कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराला हात घातला. समोर कोण होते? गोव्याचे पोर्तुगीज, जंजिऱ्याचे सिद्दी, सुरतेला आणि पुढे मुंबईला इंग्रज. पोर्तुगीज आणि इंग्रज यांची जहाजे उंच, भारी तोफांची, महासागर ओलांडून आलेली. तशीच जहाजे बांधून त्यांच्याशी बरोबरी करायची म्हटले असते तर तेवढा पैसा नव्हता, तेवढे कारागीर नव्हते आणि वेळही नव्हता. महाराजांनी दुसरी वाट धरली. आपल्याला कोणते काम करायचे आहे? किनारा राखायचा, खाड्यांची तोंडे धरायची, व्यापाऱ्यांना संरक्षण द्यायचे आणि जलदुर्गांना रसद पोचवायची. त्या कामाला जोगी जहाजे बांधायची.

सभासदाच्या बखरीत या जहाजांच्या जाती दिलेल्या आहेत. गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे, पगार अशी ती नावे. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचे लढाऊ जहाज. तळ फार खोल नाही, म्हणून खाडीत शिरू शकते. पुढच्या तोंडाला तोफा, त्यामुळे शत्रूवर चालून जाताना मारा करता येतो. गलबत त्याहून हलके. शिडावर चालते आणि वारा पडला तर चाळीस-पन्नास वल्ह्यांवरही चालते. शिबाड हे मालवाहू, पोटात भरपूर माल घेणारे. प्रत्येकाचे काम वेगळे होते आणि कोणतेही एक दुसऱ्याचे काम करू शकत नव्हते.

१६६४ साली मालवणला सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः समुद्रमार्गे बसरूरवर गेले. त्या ताफ्यात ८५ गलबते आणि तीन मोठी जहाजे होती, अशी नोंद इंग्रजांच्या कागदांत आहे. परतताना गोकर्ण झाले, कारवारला खंडणी झाली. हा आकडा आम्हाला फार बोलका वाटला. तीन मोठी आणि ८५ लहान. माणसे आणि घोडे उतरवायचे, नदीच्या तोंडातून आत शिरायचे, पटकन काम उरकून निघायचे, अशा मोहिमेला हेच प्रमाण योग्य होते.

ही जुळणी खरी की खोटी याची परीक्षा १६७९ साली खांदेरीला झाली. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर महाराजांनी किल्ला बांधायला घेतला. मायनाक भंडारी बेटावर होता, आरमार घेऊन दौलतखान किनाऱ्याला होता. इंग्रजांनी नाकेबंदी केली. त्यांच्याकडे रिव्हेंज नावाचे तगडे जहाज होते. खुल्या समुद्रात, चांगल्या वाऱ्यावर ते आपल्या गलबतांना भारी होते. ऑक्टोबरमधल्या लढाईत त्याने आपली काही गलबते बुडवलीही. पण त्याच लढाईत इंग्रजांचे डव्ह नावाचे जहाज आपल्या हाती पडले. आणि रात्री वारा पडला की मोठी जहाजे जागच्या जागी उभी राहत आणि वल्ह्यांवरची गलबते त्यांच्या बाजूने निसटून बेटावर दगड, चुना, दारूगोळा आणि धान्य पोचवत. बांधकाम थांबले नाही. खांदेरी आपल्याकडे राहिली. लढाई एखाद्या दिवशी कोण जिंकले यापेक्षा ठरवलेले काम झाले की नाही हे महत्त्वाचे, आणि ते काम लहान जहाजांनी केले.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात, साधारण १७१५-१६ च्या सुमारास, आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आले. आज कुठल्याही नौदलाच्या नियोजन कचेरीत ते टेबलावर असावे असे आम्हाला वाटते. त्यात काय सांगितले आहे ते आमच्या शब्दांत सांगतो. गुराबा फार मोठ्या बांधू नयेत आणि फार लहानही बांधू नयेत, मध्यम बांधाव्यात. वाऱ्याशिवाय हलताच येणार नाही असे अवजड जहाज उपयोगाचे नाही. पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा आणि सगळ्यांवर एक सरसुभा असावा. खलाशांचा पगार सरकारी खजिन्यातून नेमाने द्यावा, बंदराच्या उत्पन्नावर तो सोडू नये, नाहीतर तेच लोक व्यापाऱ्यांना नाडतील. जहाजासाठी लाकूड लागते म्हणून रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत.

आमच्या मते आज्ञापत्राची खरी किंमत या जोडणीत आहे. एका मोठ्याला तीन लहान, त्यांना पगार, पगाराला खजिना, लाकडाला जंगल आणि जंगलाला रयत, हे सगळे एकाच हिशेबात मांडले आहे. जहाजांचा आकडा या बाकीच्या गोष्टींपासून तोडून मांडलेला नाही.

या हिशेबाला सोडले की काय होते तेही आपल्या इतिहासात आहे. कान्होजी आंग्र्यांनी उभे केलेले आरमार त्यांच्या पश्चात घरच्या भांडणात वाटले गेले. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे बिनसले. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्राकडून वॉटसन आणि क्लाइव्ह यांचे इंग्रज आरमार आणि जमिनीकडून पेशव्यांचे सैन्य असे विजयदुर्गावर चालून गेले. खाडीत एकत्र उभ्या असलेल्या जहाजांना आग लागली आणि सगळा ताफा एका दिवसात जळाला. जहाजे गेली ती गेलीच, पण त्यानंतर त्या तोडीचे आरमार पुन्हा बांधावे असे कुणी मनावर घेतले नाही. मुंबईपासून मालवणपर्यंतचा समुद्र हळूहळू दुसऱ्याच्या हाती गेला.

आता आजच्या नौदलाकडे वळू.

२०२५ साली भारतीय नौदलाकडे लहान-मोठ्या मिळून १३० ते १४० नौका होत्या. २०२७ पर्यंत २०० व्हाव्यात असा आकडा एकेकाळी बोलला जात होता. नंतर २०३५ पर्यंत १७५ च्या आसपास असे सांगितले गेले. चीनकडे ३७० च्या वर आहेत. पाकिस्तानने चीनकडून आठ पाणबुड्या घेण्याचा करार केला आहे. हे आकडे वर्तमानपत्रात येतात आणि आपण लगेच तुलना करू लागतो. पण आकड्यात विमानवाहू नौका एक धरली जाते आणि गस्ती नौकाही एकच धरली जाते. कुस्तीच्या मैदानात पन्नास जोड्या लागल्या एवढ्यावरून मैदान कसे झाले ते कळत नाही. एक नंबरची कुस्ती कोणाची होती आणि खालच्या जोड्या तोलामोलाच्या होत्या का, हे बघावे लागते. येळ्ळूरच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

तेव्हा आधी काम बघू. पहिले काम, दूरच्या समुद्रात व्यापार राखणे. मार्च २०२४ मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलेले रुएन हे जहाज आयएनएस कोलकाताने आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर गाठले, चाळीस तासांच्या कारवाईनंतर ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. हे काम लहान बोटीचे नाही. तिथे टिकायला मोठी विनाशिका लागते. दुसरे काम, किनारा राखणे. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातूनच आले. तेव्हा विनाशिका असून काय उपयोग? तिथे वेगवान लहान बोटी, रडार आणि मच्छीमारांशी ओळख लागते. तिसरे काम, शत्रूच्या पाणबुड्यांना आपल्या बंदरांजवळ येऊ न देणे. चौथे, आपल्या पाणबुड्यांनी शत्रूला त्याच्या दारात अडकवून ठेवणे. पाचवे, बंदराच्या तोंडाशी पेरलेले पाणसुरुंग काढणे. सहावे, समुद्रातल्या समुद्रात जहाजांना तेल आणि अन्न पुरवणे. सातवे, पूर, वादळ, युद्ध यांत माणसे आणि वाहने नेऊन उतरवणे.

खर्चाचे माप डोळ्यासमोर यावे म्हणून दोन आकडे सांगतो. माझगाव गोदीने बांधलेल्या विशाखापट्टणम, मुरगाव, इम्फाळ आणि सुरत या चार विनाशिकांचा खर्च सुमारे ३५ हजार कोटी रुपये. म्हणजे एक सुमारे नऊ हजार कोटींची. जून २०२५ मध्ये आयएनएस अर्नाळा दाखल झाली. वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याचे नाव तिला दिले आहे. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणे हे तिचे काम. अशा १६ नौकांचे करार मिळून साधारण साडेबारा हजार कोटींचे आहेत, म्हणजे एक सुमारे आठशे कोटींची. एका विनाशिकेच्या पैशात अशा दहा-अकरा होतात. पण त्या अकराही मिळून एडनच्या आखातात जाऊन चाचे पकडणार नाहीत, आणि विनाशिका उथळ पाण्यात त्यांचे काम करणार नाही. गुराब आणि गलबत यांच्यातला जुना हिशेब इथेही तसाच आहे.

१९७१ च्या युद्धात या हिशेबाच्या दोन्ही बाजू पाच दिवसांत दिसल्या. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. या बोटी दोन-अडीचशे टनांच्या, मुळात स्वतःचे बंदर राखण्यासाठी बनवलेल्या. पण त्यांच्यावर क्षेपणास्त्रे होती. त्यांच्या सोबतीला किल्तान आणि कच्छल या मोठ्या नौका दिल्या आणि तेल पुरवायला पोषक नावाची तेलवाहू नौका. म्हणून त्या कराचीपर्यंत पोचल्या, पाकिस्तानची खैबर ही विनाशिका बुडवली आणि एकही माणूस न गमावता परत आल्या. तो दिवस आपण नौदल दिन म्हणून पाळतो. लहान बोटींचे कौतुक सगळे करतात. पोषकचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

नंतर ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ आयएनएस खुकरी पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले आणि त्यांच्यासह जवळजवळ दोनशे अधिकारी व खलाशी गेले. खुकरी पाणबुडी शोधायलाच गेली होती. पण पाणबुडी नव्या पिढीची होती आणि शोधणारे यंत्र जुन्या पिढीचे. पाणबुडी शोधणाऱ्या नौकांची संख्या कागदावर होती, त्यांची ताकद काळाबरोबर वाढलेली नव्हती. जुळणीतली उणीव कचेरीत शाईने लिहिलेली असते, समुद्रात ती माणसांच्या जिवाने भरावी लागते. म्हणून हा विषय आम्ही नुसता आवडीचा धरत नाही.

त्याआधीचे १९६५ चे उदाहरणही घ्या. तेव्हा नौदलप्रमुख होते व्हाइस ॲडमिरल भास्कर सोमण, आपले मराठी गृहस्थ. देशाकडे विमानवाहू नौका एकच, विक्रांत. युद्ध पेटले तेव्हा ती मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला होती. यात कोणाचा दोष नाही. जहाज ठरावीक काळाने गोदीत घ्यावेच लागते. म्हणून जगभरचे नौदलवाले म्हणतात की एक जहाज समुद्रात हवे असेल तर तीन लागतात. एक कामावर, एक दुरुस्तीत, एक सरावात किंवा वाटेवर. एकच बैल असलेल्या शेतकऱ्याची पेरणीच्या दिवसात काय अवस्था होते हे आपण जाणतो.

इथून तिसऱ्या विमानवाहू नौकेचा वाद निघतो. आज दोन आहेत. २०१३ साली दाखल झालेली विक्रमादित्य, जिचा तळ कारवार. आणि कोचीला बांधलेली नवी विक्रांत, जी २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली. त्याच दिवशी नौदलाचा नवा ध्वज फडकला आणि त्यावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. तीन हव्यात असे नौदलाचे म्हणणे, आणि ते वर सांगितलेल्या तीनाच्या हिशेबाला धरून आहे. उलट बाजूही तेवढीच भक्कम आहे. जनरल बिपिन रावत यांनी २०२० साली उघडपणे सांगितले होते की पाणबुड्यांना प्राधान्य हवे. विक्रांतला सुमारे २० हजार कोटी लागले. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल विमानांचा करार झाला, तो सुमारे ६३ हजार कोटींचा. म्हणजे नौकेपेक्षा तिच्यावरच्या विमानांचा खर्च तिप्पट. शिवाय तिच्या सोबतीला विनाशिका, पाणबुडी, तेलवाहू नौका हवीच. नवरदेव एक आणि वऱ्हाड मोठे, असा तो प्रकार.

आमच्यातही यावर दोन तट होते. बऱ्याच चर्चेनंतर आमचे मत असे झाले की तिसरी विमानवाहू नौका मिळाली तर चांगलीच, पण पाणबुड्या आणि मदतनीस नौका यांच्या तोंडचा घास काढून ती घेऊ नये. याचे कारण पाणबुड्यांची गोष्ट ऐकली की कळते.

१९८१ साली जर्मन कंपनीशी करार झाला. दोन पाणबुड्या तिकडे बांधून आल्या आणि दोन मुंबईत माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. शल्की १९९२ साली आणि शंकुल १९९४ साली दाखल झाली. भारतात बांधलेल्या या पहिल्या पाणबुड्या. त्यासाठी आपले वेल्डर, फिटर, अभियंते जर्मनीत शिकून आले. पाणबुडीचे पोलाद वाकवणे आणि जोडणे हे साधे वेल्डिंग नव्हे. सांध्यात केसाएवढी चीर राहिली तरी खोल पाण्याचा दाब ती सोडत नाही. पण कमिशनच्या आरोपांचे वादळ उठले आणि पुढचे काम थांबले. चौकशी व्हायलाच हवी होती, त्यात दुमत नाही. पण काम थांबल्यावर शिकलेले हात पांगले. कुणी निवृत्त झाले, कुणी दुसऱ्या कामाला लागले. १९९९ साली सरकारने तीस वर्षांची योजना मंजूर केली, २०३० पर्यंत २४ पाणबुड्या. फ्रेंच कंपनीशी करार व्हायला २००५ उजाडले. त्यातली पहिली कलवरी दाखल झाली डिसेंबर २०१७ मध्ये. म्हणजे शंकुलनंतर माझगावहून पुढची पाणबुडी समुद्रात जायला २३ वर्षे लागली. मग खांदेरी, करंज, वेला, वागीर आणि जानेवारी २०२५ मध्ये वागशीर. चोवीसपैकी सहा झाल्या. पुढच्या सहांचे काम अजून कागदातून गोदीत आलेले नाही.

आपल्याकडे बेळगावला उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत. तिथे काम करणाऱ्या आपल्या गावच्या माणसांना विचारा. चांगला मोल्डर तयार व्हायला किती वर्षे लागतात आणि दोन वर्षे भट्टी बंद राहिली तर तो परत मिळतो का? गोदीचेही तेच आहे. म्हणून जहाजांची योजना करताना 'किती' याच्या जोडीला 'दरवर्षी किती' हे ठरवले पाहिजे. एकदम दहा मागायची आणि मग पंधरा वर्षे काहीच नाही, यापेक्षा दर दीड-दोन वर्षांनी एक, न थांबता, हे स्वस्त पडते आणि हातही तयार राहतात.

जिथे काम न थांबता चालले तिथे फळ दिसते. माझगाव गोदीने १९७२ साली नीलगिरी ही फ्रिगेट दिली, ती इंग्रजी आराखड्यावर. मग आराखडे आपले झाले. पोलादही पूर्वी बाहेरून यायचे, ते आता आपल्याच प्रयोगशाळेने तयार केले आणि आपल्याच कारखान्यांतून निघते. जानेवारी २०२५ मध्ये नवी नीलगिरी दाखल झाली. आणि त्याच वर्षी, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, २६ ऑगस्टला उदयगिरी आणि हिमगिरी या तिच्या दोन बहिणी विशाखापट्टणमला एकाच दिवशी दाखल झाल्या. एक मुंबईला बांधलेली, दुसरी कोलकात्याला.

याच्या उलट सुरुंग काढणाऱ्या नौकांची कथा. पाणसुरुंग हे सगळ्यात स्वस्त हत्यार. बंदराच्या तोंडाशी थोडे पेरले की कोट्यवधींची जहाजे आत अडकतात. ते शोधायला खास नौका लागतात. आपल्याकडे अशा होत्या, त्यांतल्या एकीचे नाव कारवार होते. ती २०१७ साली निवृत्त झाली. शेवटची कोळिकोड २०१९ साली गेली. त्यांच्या जागी बारा नव्या नौका गोव्याच्या गोदीत बांधायच्या होत्या, पण परदेशी कंपनीशी बोलणी बरीच वर्षे चालून २०१८ साली तो विषय गुंडाळला गेला. जुलै २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने अशा नौकांची गरज पुन्हा मान्य केली आहे. गरज मान्य होणे म्हणजे लग्नाची बैठक होणे. पहिली नौका पाण्यात यायला अजून बरीच वर्षे आहेत. तोवर इतकी मोठी किनारपट्टी, एवढी बंदरे आणि मुद्दाम त्या कामासाठी बांधलेली एकही नौका नाही. विमानवाहू नौकेवर सगळे वाद घालतात, पेपरात चित्रे येतात. सुरुंग काढणाऱ्या नौकेसाठी कुणी भांडत नाही. म्हणून ती मागे राहते.

तेलवाहू नौकांचे तसेच होते. पण ऑगस्ट २०२३ मध्ये पाच मोठ्या पुरवठा नौकांचा करार विशाखापट्टणमच्या गोदीशी झाला, सुमारे १९ हजार कोटींचा. पोषकचा धडा उशिरा का होईना घेतला गेला असे म्हणू. माणसे-वाहने उतरवणारी मोठी नौका मात्र अजून एकच आहे, २००७ साली अमेरिकेकडून घेतलेली जलाश्व. तीनाचा हिशेब तिला लावून पाहा.

शेवटी आमचे म्हणणे थोडक्यात मांडतो. पहिले, जहाजाच्या आधी काम ठरवावे. दुसरे, मोठ्याबरोबर लहान आणि लढणाऱ्याबरोबर पोसणारे, हे प्रमाण आज्ञापत्राने सांगितले तसे आधीच बांधून घ्यावे आणि पैशाची ओढाताण झाली तर सगळ्यांना सारखी कात्री लावावी, दुबळ्याचाच गळा कापू नये. तिसरे, गोदीतले काम थांबू देऊ नये. चौथे, यंत्रे बदलतात हे लक्षात ठेवावे. युक्रेनने २०२२ साली रशियाची मोस्क्वा ही मोठी युद्धनौका क्षेपणास्त्रांनी बुडवली आणि पुढे माणूस नसलेल्या लहान बोटींनी काळ्या समुद्रात मोठ्या जहाजांना बंदरात बसवले. उद्याची गलबते कदाचित बिनखलाशांची असतील. त्यासाठी नव्या जहाजांत आजच जागा ठेवावी लागेल.

आणि पाचवे, माणूस. आपल्या भागातला तरुण सैन्य म्हटले की बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीकडे बघतो. ती परंपरा अभिमानाची आहेच. पण आमचे तरुणांना सांगणे आहे की नौदलाकडेही बघा. आता भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांची आहे आणि त्यांतल्या चौथ्या हिश्श्यालाच पुढे ठेवतात, हे आधी नीट समजून घ्या. ओडिशातल्या चिल्का तळावर शिक्षण होते. आयटीआय केलेल्यांनी माझगावच्या आणि गोव्याच्या गोदीतल्या ॲप्रेंटिसच्या जाहिराती पाहत राहाव्यात. पाणबुडीचा सांधा जोडणारा हात येळ्ळूरचा असायला काहीच हरकत नाही. आणि आई-वडिलांनी पोराला पोहता येते का ते आधी बघावे, विहिरी आहेत तोवर.

आम्ही जे वाचले त्यातले जमेल तेवढे सांगितले. पुस्तके वाचनालयात आहेत, विसर्जनानंतर कुणालाही नेता येतील. 

गणपती बाप्पा मोरया. जय हिंद, जय महाराष्ट्र.